वाकडा गेला, परत

"ताई, आज चेंडू मी उडवतो," लंबू बूट बांधता बांधता म्हणाला.

"उडव की. मी घरी जाऊन भाजी निवडते."

लंबूनं मान खाली घालून दुसरा बूट बांधायला घेतला. हा ताईंचा जोडीदार पंच, ताडमाड उंच आणि बोलण्यात तुटक. बास्केटबॉलचे कितीतरी सामने दोघांनी मिळून निभावले होते. पण ताईंच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि संघटनेच्या सचिवांनी गोड बोलून सांगितलं, "एक सामना करून बघा. नाही जमलं तर टेबलावर घड्याळ सांभाळा." टेबलावर बसवलेला पंच पुन्हा मैदानात उतरत नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून घरात चेंडू वर उडवायचा सराव सुरू झाला. त्यात एक ट्यूबलाइट कामी आली. नवऱ्यानं काचा गोळा केल्या आणि नवी ट्यूब आणून लावली.

सामना सुरू करायला मधल्या वर्तुळात दोन्ही संघांची एकेक उंच मुलगी समोरासमोर उभी राहिली; पंचानं त्यांच्या मधोमध चेंडू सरळ वर उडवायचा असतो. ताईंनी तोंडातली शिट्टी काढली. ती तशीच ठेवली तर कुणाचा तरी हात लागून दात जायचे. त्यांनी हात उचलला आणि खांद्यातून कळ आली. चेंडू वर गेला, पण निळ्या जर्सीतल्या मुलीकडे झुकला. तिनं तो आरामात टोलवला. प्रेक्षकांच्या काही लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात रेषेवरून लंबूची शिट्टी वाजली.

"वाकडा गेला, ताई. परत." त्यानं चेंडू आणून हातात दिला.

ताईंचे कान तापले. मेल्याला आजच काटेकोरपणा सुचला. त्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. तो कपाळाला आठी घालून आपल्या जागी जाऊन उभा होता, नेहमीसारखाच. ऑपरेशन झाल्यापासून जो तो त्यांना जपत होता. कुणी पिशवी उचलू देत नव्हतं, काही चुकलं तर "असू द्या" म्हणत होतं. यानं मात्र चूक सरळ पकडली होती, पूर्वी पकडायचा तशीच. ताईंना एकदम भरून आलं. या माणसाचे उपकार कसे फेडावेत, असं त्यांना वाटलं.

त्यांनी पाय रोवले. दुखेल तेवढं दुखू दे म्हणून हात पूर्ण वर नेला. चेंडू दोघींच्या बोटांच्याही वर गेला, जरासा थबकला आणि खाली येताना लाल जर्सीतल्या मुलीचा हात त्याला लागला. सगळ्या मुली पळत सुटल्या. ताई वर्तुळात एकट्याच कान देऊन उभ्या राहिल्या. लंबूची शिट्टी वाजली नाही.

"ताई, चला की," पार बास्केटखालून लंबू ओरडला.