शून्य लिहिलेल्या वाडीचा वजनकाटा

मित्रांनो, माझी काच तडकली आहे, कडेचा रंग उडाला आहे. पण माझी स्प्रिंग अजून ताठ आहे आणि मानही. धारूरच्या डोंगरकडेला असलेल्या एका वाडीच्या अंगणवाडीतला मी जुना वजनकाटा. माझ्या पोटाखाली लोखंडी आकडा आहे. त्याला कापडी झोळी अडकवून लेकरू ठेवले की तबकडीवर दुसरा आकडा दिसतो. तो खरा असतो. लेकरू कोणाचे, हे मी कधी विचारले नाही.

एका कारखान्यात घडलो आणि खोक्यात बसून इथे आलो. अंगणवाडी सेविका रतनबाईंनी मला तुळईला टांगले. कितीतरी लेकरे माझ्या झोळीत रडली, काही हसली. वजन वाढले की आया माझ्याकडे कौतुकाने पाहायच्या.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. वाडीत बायकांची सहकारी दूध संस्था होती. जनावरे चारा छावणीला गेली आणि संस्थेचे कॅन रिकामे पडले. दिवाळीनंतर निम्मी वाडी लेकराबाळांसह ऊस तोडायला गेली, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परतली. तोडीहून आलेल्या छबुबाईची तान्ही लेक झोळीत ठेवली तेव्हा माझा काटा जेमतेम हलला. ती रडलीसुद्धा नाही. तिच्यासारखी बरीच होती.

शेजारच्या गावात अशक्त लेकरांना दिवसातून अनेकदा खाऊ घालणारे केंद्र सुरू झाले होते. आपल्याकडे का नाही, म्हणून दूध संस्थेच्या अध्यक्ष वच्छलाबाई तालुक्याला विचारून आल्या. तुमच्या वाडीत तसे मूलच नाही, असे उत्तर मिळाले.

संस्थेचा सचिव त्रिंबक म्हणाला, हे आकडे सगळ्यांना पाहता येतात. त्याने संगणकावर सरकारचे संकेतस्थळ उघडले. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. वाडीच्या नावापुढे तीव्र कमी वजनाची बालके, शून्य. वजने कोणत्या महिन्यातली आहेत, तेही त्याने वाचून दाखवले. तेव्हा ही लेकरे उसाच्या फडात होती. रतनबाईंनी वाडीत उरलेल्यांची वजने नीट घेतली होती. जी नव्हती, ती कुठेच मोजली गेली नव्हती.

त्या शून्याचा मला संताप आला. ते मी कधी दाखवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बायकांनी संस्थेच्या दुधाच्या टेम्पोत लेकरे घेतली, मलाही घेतले, आणि तालुक्याच्या बालविकास कार्यालयासमोरच्या कडुलिंबाला मला टांगले. तिथले साहेब बाहेर आले. यादी वर गेली, आता आकडा बदलत नाही, असे त्यांनी समजावले.

"साहेब, लेकरं तव्हा फडावर गेलती," वच्छलाबाई म्हणाल्या. "मोजलीच न्हाईत, तर शून्य का म्हून लिवलं?"

साहेब पुन्हा यादीचेच सांगू लागले.

"जुना आकडा ऱ्हाऊ द्या. आमी नवा घिऊन आलोत."

छबुबाईने लेक झोळीत ठेवली. साहेब जवळ आले, वाकले, माझ्या तबकडीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी खुर्ची लिंबाखालीच मागवली. वजने घेताना वरून फोन आला. आकडा एकदम वाढला तर तालुक्याचे नाव खराब होईल, असे कोणी सांगत होते. साहेबांनी ऐकून घेतले, फोन ठेवला आणि पुढचे लेकरू बोलावले.

दूध संस्थेच्या रिकाम्या खोलीत केंद्र सुरू झाले. पुढे एका सकाळी छबुबाईच्या लेकीला झोळीत ठेवताच तिने असा भोंगा पसरला आणि असे पाय झाडले की माझा काटा ठरेना. छबुबाई हसत होती आणि डोळे पुसत होती.

नंतर नवा, बटणाचा काटा आला. मला भंगारात टाकायचे ठरले, पण बायकांनी दिले नाही. ऊसतोडीच्या गाड्या परतल्या की भांडीकुंडी उतरायच्या आधी त्या मला वेशीजवळ टांगतात. माझी वजने आता सरकारी राहिली नाहीत, असे कोणी म्हणते. म्हणू द्या. वच्छलाबाई ती तालुक्याला पोचवतात आणि संकेतस्थळावर दिसेपर्यंत त्रिंबकाला स्वस्थ बसू देत नाहीत.

मित्रांनो, माझी काळजी नाही घेतली तरी चालेल. पण सरकारी आकडे तुमचे आहेत. ते उघडा, वाचा. आपल्या गावापुढे शून्य दिसले तर लगेच आनंद मानू नका. आधी विचारा, मोजायचे कोण राहिले?