रस्त्याकडचा कान

मी बसचा ड्रायव्हर. म्हणजे होतो. आता निवृत्त झालो तरी दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझा पाय अजून ब्रेक शोधतो, आणि मी गाडी चालवणाऱ्याचं डोकं खातो. शेवटची काही वर्षं डेपोत नवशिक्यांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. पोरं तोंडावर मास्तर म्हणायची. पाठीमागे काय म्हणायची तेही मला ठाऊक आहे, पण ते राहू द्या.

सायकलवर कानात ती गाण्यांची बोंडं खुपसून चाललेला माणूस दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मागे एवढं थोरलं धूड येतंय आणि महाशय मान डोलावतायत! म्हणून नवशिक्यांकडून मी एक गोष्ट घोकून घ्यायचो. सायकलवाल्याला ओलांडायच्या आधी त्याचा आपल्याकडचा कान बघा. कानात काही दिसलं तर तो माणूस नाही, खांब आहे असं समजा आणि मागे थांबा. कान मोकळा असेल तर एक हॉर्न द्या आणि निघा. माझ्या हाताखालचा एकही ड्रायव्हर हे विसरला नाही.

आणि माझ्याच घरात आमच्या ठकीने सायकलवर गाणी ऐकायची टूम काढली. ठकी म्हणजे माझी लेक, एकुलती एक. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. तिथे एवढाल्या ड्रमांची यंत्रं दिवसभर घरघरत असतात.

"अजिबात नाही," मी म्हणालो.

"बाबा, कामावर यंत्रांचा गोंगाट, घरी तुमचा. मी गाणी ऐकायची कधी?"

तिची आई तोंडाला पदर लावून हसली. दोघी एक झाल्या की माझं काही चालत नाही. शेवटी तडजोड झाली. एकच बोंड, आवाज बारीक, आणि ते फुटपाथकडच्या कानात. रस्त्याकडचा कान सताड उघडा. शिवाय मान सरळ ठेवायची, सारखं वळून बघायचं नाही, वळलं की हँडल हलतं. मागचं काय ते कान सांगेल.

तेव्हापासून रोज सकाळी फाटकाशी मी उभा. "कान दाखव." ती केस मागे सारून रस्त्याकडचा कान दाखवायची. मोकळा. "शाबास!" मग मी घरात येऊन निवांत चहा प्यायचो. आपण काहीतरी फार शहाणपणाचं केलं असं वाटायचं.

आज सकाळीही कान बघितला, शाबास म्हटलं, ती सायकलवर बसली, आणि घरात येतो तो मला ओट्यावर तिचा डबा दिसला. मी डबा घेऊन फाटकाकडे धावलो. ती अजून बोळाच्या तोंडाशीच होती, वळायला गाडी जायची वाट बघत.

"ठके! अगं डबा!"

हूं नाही की चूं नाही. मी पुन्हा ओरडलो. समोरच्या खिडकीतली म्हातारी डोकावली, तिच्या मांजराने माझ्याकडे बघितलं, आमच्या बाईसाहेबांनी मात्र पायडल मारलं आणि वळल्या.

"बघितलंस?" मी बायकोवर डाफरलो. "एक कान मोकळा आहे, तरी बापाचा आवाज जात नाही!"

ती भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, त्या मोकळ्या कानाशी कशाला घसा फोडताय? त्याने तिला कधी ऐकू आलंय?"

मी वळून फाटकाकडे बघितलं.

ठकी चार वर्षांची असताना तिला ताप आला होता, त्यात तिचा एक कान गेला. पार गेला. दुसऱ्याने ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते तिला कळत नाही. घरात आम्ही त्याबद्दल बोलत नाही. बोलायची गरजच पडत नाही, इतकी सवय झालीय. जेवायला मी तिच्या ऐकत्या बाजूला बसतो. चालताना मी त्या बाजूला, आई तिच्या पुढे अर्धं पाऊल. पाहुणे आले तरी कुणीतरी गुपचूप खुर्ची सरकवतं. गियर टाकताना हाताकडे कोण बघतं? तसंच. पण सकाळी फाटकाशी उभा राहिलो की मी बाप नसायचो, ड्रायव्हर असायचो. आणि तो ड्रायव्हर रोज तिच्या बहिऱ्या कानाला शाबास म्हणत होता. जो एक कान चालतो, त्यात मीच बूच मारून दिलं होतं.

बायकोच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने फोन उचलला.

"नको!" मी ओरडलो. "आत्ता कानात ठणाणा वाजेल आणि ती खिशाकडे बघेल. भर रस्त्यात!"

"मग करायचं काय?"

बायकोची सायकल भिंतीला टेकून होती. डबा पुढच्या टोपलीत टाकला आणि घरातल्या चपलांवरच निघालो.

बसून चालवायची सवय मला, पण इंजिनावर. गुडघे हँडलला आपटत होते, डबा टोपलीत खुळखुळत होता. बेकरी गेली, शाळेची भिंत गेली, तरी ठकी दिसेना. छातीचा भाता झालेला. आणि रस्त्यावरचा प्रत्येक आवाज आज माझ्या अंगावर येत होता. मोटारसायकल, टेंपो, कुणाचं तरी शटर. हे सगळं तिच्या मागे वाजतंय आणि तिच्या डोक्यात कुणीतरी गातंय, हे मनातून जाईना. नको नको ते डोळ्यांपुढे येत होतं, आणि मी स्वतःला मोठ्याने शिव्या घालत होतो. फुटपाथवरची माणसं बाजूला होत होती.

दुकानांच्या रांगेपाशी ती दिसली. आरामात चालली होती, गाण्याच्या तालावर खांदे हलवत. माझा जीव भांड्यात पडणार, इतक्यात दोन गोष्टी दिसल्या. तिच्या पुढे माल उतरवायला उभी असलेली एक व्हॅन. म्हणजे आता तिला रस्त्याच्या मध्याकडे यावं लागणार. आणि थांब्यावरून नुकतीच सुटलेली, माझ्या मागून वेग घेत येणारी बस.

हॉर्न वाजला. एकच.

तो हॉर्न मी ओळखला. गाडी नव्हे, पद्धत. पुढे सायकलवाली, तिचा रस्त्याकडचा कान मोकळा, म्हणजे तिला ऐकू गेलं, म्हणजे ती थांबेल. द्या एक हॉर्न आणि निघा. मीच शिकवलेलं. आणि पुढे माझी पोर, मान सरळ, मागे न बघता बाहेर वळत होती. तेही मीच शिकवलेलं.

मग मी काय केलं ते कुठल्याही नवशिक्याने केलं असतं तर मी त्याला डेपोतून हाकलून दिलं असतं. एक हात वर केला आणि सायकल सरळ बसच्या पुढ्यात घातली.

ब्रेक किंचाळले. हवेचा फुस्स आवाज झाला, आतून माणसं आपटल्याचा, मग शिव्यांचा. बसचं नाक माझ्या मागच्या चाकापाशी येऊन थांबलं. माझी सायकल आडवी, डबा रस्त्यावर, झाकण मात्र घट्ट. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं.

"ओ आजोबा! घरी सांगून आलात का?" आणि मग डोळे विस्फारले. "मास्तर? तुम्ही?"

माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. मी पुढे बोट दाखवलं. ठकी व्हॅनला वळसा घालून पुन्हा कडेला गेली होती, खांदे हलवत. तिला यातलं काही म्हणजे काहीही कळलं नव्हतं.

"कान मोकळा होता, मास्तर," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला. "मी बघितला. एक हॉर्न दिला."

"तू बरोबर केलंस," मी म्हणालो. "माझंच चुकलं. हळू ये."

पुढच्या सिग्नलला ती थांबली होती. मी रस्त्याकडून जाऊन उभा राहिलो आणि तिचं नाव घेऊन ओरडलो. तिने बघितलंही नाही. हातभर अंतर! मग हँडलवर हात ठेवला, तशी दचकली आणि बोंड काढलं.

"बाबा? अय्या, डबा! आणि हे गुडघ्याला काय झालं?"

"गुडघा मरू दे! तुला कळतं का काही? तुझा तो कान—"

पुढचा शब्द निघेना. इतक्या वर्षांत कधी काढलाच नव्हता.

"तो कान काय?"

"त्याला ऐकू येत नाही."

"हो, मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझाच आहे."

"मग पहिल्याच दिवशी बोलली का नाहीस? मी मूर्खासारखा रोज बघतोय!"

ती बोंडाशी चाळा करत राहिली. गाणं अजून चालू होतं, त्यातून बारीक किणकिण ऐकू येत होती.

"घरात सगळे या बाजूला येतात, बाबा," ती म्हणाली. "आई तर झोपेतसुद्धा कूस बदलून या बाजूला बोलते. कारखान्यातही आता सगळ्यांना कळलंय. तुम्ही रोज त्या कानाकडे बघून शाबास म्हणायला लागलात, तेव्हा मला वाटलं, तुम्ही विसरलात. निदान एक माणूस विसरलाय. मला फार बरं वाटायचं हो. म्हणून नाही बोलले."

मला रागवायचं होतं. वाटभर शब्द जुळवत आलो होतो, चांगले जहाल. त्यातला एकही आठवेना. डोळे भरून आले, ते मी शर्टाच्या बाहीने पुसले आणि घाम फार येतोय असं काहीतरी बडबडलो.

तिने गाणं बंद केलं आणि बोंड खिशात टाकलं. माझ्याकडून डबा घेऊन टोपलीत ठेवला.

हिरवा दिवा लागला. मागे हॉर्न वाजला. एकच.

तिने आधी पुढे बघितलं, मग फुटपाथकडे, मग माझ्याकडे.

"कुठून वाजला?" तिने विचारलं.

"मागून," मी म्हणालो. "बस आहे. थांबलाय तो. तू चल."