जतीनदादांचा बदल मागे घेतला

पुष्पा वरठाने बटण दाबलं तेव्हा ती उधवा गावातल्या आपल्या घरी ओट्यावर बसली होती, मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून. त्याआधी तिने जतीनदादांना फोन लावला होता. उचलला नाही. परत लावला, तरी नाही. मग तिने त्यांचा बदल ‘उधाण’मधून काढून टाकला.

‘उधाण’ म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं ॲप. डहाणूच्या चिकूवाडीवाल्या घरातल्या जतीन सावेंनी ते नोकरी सांभाळून २०१४ साली लिहायला घेतलं आणि पहिल्यापासून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कोणीही कोड वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. चार वर्षांत ते गुजरातपासून केरळपर्यंतच्या बंदरांवर पोचलं आणि कुठले कुठले लोक त्यात हातभार लावू लागले. त्यांतलीच पुष्पा, तलासरीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी. तिचं पहिलं काम जतीनदादांनी परत पाठवलं, मग पुन्हा परत पाठवलं, दर वेळी कारण लिहून. ती चिडली, पण शिकत गेली, आणि मूळ कोडमध्ये बदल घालायचा अधिकार असलेल्या मोजक्या लोकांत जाऊन बसली.

तिथला नियम साधा होता. आपण लिहिलेलं आपणच पास करायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. मूळ कोडमध्ये जे गेलं ते संध्याकाळी आपोआप सगळ्यांच्या फोनवर जाई, म्हणून.

आणि नारळी पौर्णिमा तोंडावर असताना जतीनदादांनीच वेळ काढायचं सूत्र बदललं नि ‘डहाणूची वेळ चुकते’ एवढीच टीप देऊन कोणालाही न दाखवता आत घातलं. सूत्र एकट्या डहाणूचं नव्हतं, सगळ्या बंदरांचं होतं. पुष्पाने ते काढलं आणि ॲपवर सूचना टाकली, ‘डहाणू खाडीच्या वेळा तपासत आहोत. आज बंदरावर विचारूनच निघा.’

तासाभरात जतीनदादांची मेल सगळ्यांना गेली. ‘डहाणूची वेळ चुकते हे इथल्या बंदरावरच्या तांडेलांनी मला तोंडावर सांगितलं. मी ती दुरुस्त केली. मी सुरू केलेल्या कामात मलाच परवानगी लागणार असेल, तर आता तुम्हीच चालवा.’

कोचीच्या एकाने त्यांची बाजू घेतली, गोव्याच्या एकीने पुष्पाची. कोणीतरी विचारलं, ‘हिला एवढा अधिकार दिला कोणी?’ ते पुष्पाने वाचलं. तिने लांबलचक उत्तर लिहिलं, पुसलं, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि जीप पकडून निघाली.

डहाणूला सावेंच्या अंगणात ती उभी राहिली तेव्हा जतीनदादा झोपाळ्यावर होते. त्यांनी झोका थांबवला नाही. त्यांच्या बायकोने, विनितावहिनींनी, तिला आत बोलावून पाणी दिलं.

“मी लिहिलेल्यात चूक दाखव,” जतीनदादा शेवटी म्हणाले.

“चूक सापडली नाही मला.”

“मग काढलंस कशाला?”

“कोणी बघितलं नव्हतं म्हणून. दादा, आज तुमचं असं गेलं तर उद्या मी माझं ढकलेन. मला कोणत्या तोंडाने अडवाल?”

“आणि तोवर होड्या गाळात रुतल्या तर?”

“सूचना टाकलीय. आत्ता नीट पाठवा, मी इथेच बसून वाचते. संध्याकाळच्या आत जाईल.”

जतीनदादा झोपाळ्यावरून उठून आत गेले. पुष्पाला वाटलं, संपलं. पण वहिनींनी चहा आणला त्याच्या मागोमाग ते लॅपटॉप घेऊन बाहेर आले आणि टेबलाशी बसले. त्यांनी बदल रीतसर पाठवला. पुष्पाने ओळ न् ओळ वाचली.

“बाकीच्या बंदरांची चाचणी नाहीये यात,” ती म्हणाली.

“तिथे काही बिघडत नाही. मला माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत आहे. कोडमध्ये दिसू दे.”

त्यांनी लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. मग कुरकुरत चाचणी लिहायला लागले. चाचणीत सगळ्या बंदरांपुढे ‘बरोबर’ची हिरवी खूण आली. पुष्पाने मंजुरी दिली आणि पडद्यावर उमटलं: लेखन जतीन सावे, तपासणी पुष्पा वरठा. एवढ्या वर्षांत त्या दोन नावांची जागा नेहमी उलटी असायची. तिने ते दोनदा वाचलं.

जतीनदादांनी तिच्यासमोरच मेल लिहिली. ‘पुष्पाने बदल काढला ते योग्य केलं. तपासणीशिवाय आत घालायची सोय माझ्याकडे होती, ती मी आजपासून बंद केली आहे. तिला अधिकार कोणी दिला असं एकाने विचारलं. मी दिला, आणि तो दिल्याचा मला अभिमान आहे.’

पुष्पाने मेल वाचली. मग गार झालेला चहा संपवला.

उन्हं कलल्यावर तिला स्टेशनवर सोडायच्या आधी त्यांनी स्कूटर बंदराकडे वळवली. हरिश्चंद्र तांडेल जाळं सोडवत बसले होते.

“वेळ सुधारली,” जतीनदादा म्हणाले. “आणि ही पुष्पा, उधव्याची. माझं काम हिने पास केल्याशिवाय पुढे जात नाही.”

तांडेलांनी तिला नीट न्याहाळलं. “बाय, आता बरोबर येईल ना वेळ?”

“आमच्या हिशेबाने येईल,” पुष्पा ताठ उभी राहून म्हणाली. “पाण्यात बघून सांगा. चुकली तर मी परत काढीन.”