पातेल्याचा आवाज

काकूंनी पंखा बंद केला, तो त्या सकाळी तिसऱ्यांदा.

पंखेवाला अजून शिडीवरच होता. हातातला पाना तसाच धरून त्यानं खाली बघितलं. "काकू, तीन महिने तुमच्या कँटीनच्याच तक्रारी होत्या ना, धूर होतो, डोळे चुरचुरतात म्हणून? आता नवा कोरा एक्झॉस्ट पंखा बसवलाय, तर तुम्ही बटणावरून हात काढत नाही. टेस्टिंग तरी करू द्या."

"झालं की टेस्टिंग. फिरतोय तो."

"अर्धा तास सलग चालवून बघावा लागतो."

"मग जेवणं झाल्यावर बघ. आज गुरुवार आहे."

या कँटीनमध्ये एवढं कारण कुणालाही पुरलं असतं. पंप बनवणारा कारखाना, सव्वाशे माणसं, आणि दर गुरुवारी पास्त्याबरोबर खिम्याचा सॉस. बाकीचे दिवस ताटात काय आहे ते बघून नाकं मुरडणारे लोक गुरुवारी भोंग्याच्या दहा मिनिटं आधीच रांगेत उभे असत. आठ वाजता पातेलं शेगडीवर चढायचं आणि साडेबाराला पहिला डाव बाहेर पडायचा. साडेचार तास मंद आच, त्यात घाई नाही की हयगय नाही. पण पंखेवाला पडला बाहेरचा. त्याच्या लेखी गुरुवार म्हणजे बुधवारच्या पुढचा वार.

"चालू असू दे ना काकू," मागच्या लांब टेबलावरून चाकूताई म्हणाली. "जरा गार वाटत होतं."

"तुला गार वाटावं म्हणून चाललंय का इथं सगळं?"

चाकूताई एकोणीस वर्षं त्या टेबलाशी उभी होती. कांदे, गाजरं, सेलरीचे दांडे, दिवसाला दोन पोती तरी तिच्या सुरीखालून जात. तिचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुणी वापरत नसे. शेगडीवर काकू, टेबलावर चाकू, म्हणून कामगार दोघींना मिळून 'काकू-चाकू' म्हणत. एरवी काकूही हसायच्या. आज मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक होती, आणि ती ज्याच्यावर काढायची त्या पंख्याला कान नव्हते.

"गेल्या महिन्यात चार किलो खिमा जमिनीवर सांडलास तेव्हाही तुला असंच गार वाटत होतं का?" त्यांनी पुढे ऐकवलंच. चाकूताईनं मान खाली घालून गाजर उचललं.

बोलून झाल्यावर काकूंना वाईट वाटलं. पण वाईट वाटायला तरी फुरसत हवी. पातेल्यातल्या खिम्याला पाणी सुटलं होतं.

गोष्ट अशी होती, की काकूंना वास येत नव्हता. मागच्या थंडीत आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला खारट, आंबट, गोड कळायचं, पण कांदा परतला की कच्चा राहिला, दूध उतू गेलं की करपलं, याचा नाकाला पत्ता नाही. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी यायचं, तेवढीच काय ती ओळख उरली होती. परत येईल, परत येईल म्हणत सात महिने झाले.

हे घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं. तो निवृत्त बसड्रायव्हर. डोळ्यांना कमी दिसायला लागलं, ते त्यानं वर्षभर लपवलं होतं, नंतर तपासणीत सापडलं. त्यामुळे या बाबतीत त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती. "सांगून टाक," तो दर रविवारी म्हणायचा. "मी वर्षभर लपवलं ते माझ्या हुशारीनं नाही निभावलं. मागे बसलेल्या लोकांच्या नशिबानं निभावलं."

"तुझी बस होती. माझं पातेलं आहे. पातेल्याखाली कुणी येत नाही," काकू म्हणायच्या.

सांगायचं म्हणजे शेगडी सोडायची. काकू या कँटीनमध्ये भांडी घासायला लागल्या होत्या. मोरीपासून शेगडीपर्यंत सहा पावलं. ती चालायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. आणि ज्या बाईला करपल्याचा वास येत नाही, तिला सव्वाशे माणसांच्या अन्नाशी कोण उभं करेल? काकूंनी स्वतः तरी केलं असतं का? हा प्रश्न त्या स्वतःला विचारत नसत, कारण उत्तर ठाऊक होतं.

मग निभावलं कसं? कानानं. खिम्याचं पाणी सुटतं तेव्हा पातेलं खदखदतं. पाणी आटून चरबी सुटली की चरचर चालू होते, ती बारीक झाली की दूध घालायचं. टोमॅटो आणि हाडांचं पाणी पडलं की आवाज जड होतो. मग तीन तास एकेक बुडबुडा, म्हाताऱ्यानं पायरी चढावी तसा, दमादमानं. आणि तळाला लागायच्या आधी पातेलं सांगतं. बुडबुडे थांबल्यासारखे होतात आणि खालून टिक, टिक असा कोरडा आवाज येतो. तो ऐकू आला की आच उतरवायची आणि तळापासून ढवळायचं. वीस वर्षं हे सगळं कानावर पडत होतं, पण नाक धडधाकट असताना त्यांनी ते कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. आता ऐकायच्या. त्यात जुना पंखा तीन महिने बंद पडलेला, स्वयंपाकघर शांत. लोक धुरानं खोकत होते आणि काकू मनातून त्या बंद पंख्याला दुवा देत होत्या.

नव्या पंख्याची घरघर अशी, की शेजारी उभं राहून बोलायचं तरी ओरडावं लागे.

दहा वाजता सुपरवायझर साहेब आले. पंखा बंद बघून त्यांचा चेहरा पडला. "कुणी बंद केला? सहा अर्ज केलेत मी याच्यासाठी. सहा."

"आवाज फार होतो, साहेब," काकू म्हणाल्या.

"कारखान्यात आवाज होणारच. पलीकडे पंपांची चाचणी चालते ते काय भजन आहे?" त्यांनी बटण दाबलं आणि खिशातून चिकटपट्टी काढून त्याच्यावर आडवी-उभी चिकटवली. "आता याला कुणी हात लावायचा नाही. काकू, तुम्हीसुद्धा."

"साहेब, गुरुवारपुरता तरी..."

"कारण सांगा. कारण असेल तर काढतो."

कारण काकूंच्या जिभेवर होतं. ते तिथंच राहिलं. साहेब गेले, पंखेवाल्यानं समाधानानं शिडी मिटली. तो गेला आणि घरघर राहिली.

काकूंनी पातेल्यावर कान नेला. वाफेनं गाल भाजला आणि ऐकू आला तो पंखाच. मग त्यांना आठवलं, कारखान्यातले फिटर पंपाचं बेअरिंग तपासताना स्क्रूड्रायव्हरचं एक टोक पंपाला लावतात आणि मूठ कानाशी धरतात. त्यांनी लांब लाकडी डाव पातेल्याच्या तळाशी टेकवला आणि दांडा कानामागच्या हाडाला लावला. आला, आवाज आला. लांबून, खोल विहिरीतून यावा तसा, पण आला. एक बुडबुडा. मग दुसरा.

मान वर केली तर चाकूताई बघत होती. "मान अवघडलीय," काकू म्हणाल्या. चाकूताईनं मान हलवली आणि पुन्हा सुरी चालवली.

पण डाव कानाला लावून बसायला काकू एकट्या पातेल्यासाठी थोड्याच होत्या? पास्त्याचं पाणी ठेवायचं, पाव मोजायचे. अकराला कळलं की पास्त्याची पाकिटं स्टोअरमधून आलेलीच नाहीत आणि काकूंच्या सहीशिवाय स्टोअरवाला देत नाही. जिथं तिथं आजच अडायचं होतं. चाकूताईच्या हातात डाव देऊन, "ढवळत राहा, तळ सोडू नको," असं बजावून त्या गेल्या. स्टोअरवाल्याला चष्मा सापडेना, मग पेन सापडेना. परत यायला पंधरा मिनिटं लागली.

"ठीक आहे ना?"

"ढवळतेय," चाकूताई म्हणाली.

काकूंनी डाव घेतला. तळाशी काहीतरी खरखरीत लागलं. खिमा परतताना पातेल्याला जे लालसर चिकटतं, तेच असेल, त्यांना वाटलं. तीच तर सगळी चव असते. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून तळ खरवडला आणि सगळं सॉसमध्ये मिसळून टाकलं.

नाक असलेल्या कुठल्याही बाईनं हे केलं नसतं. तळाला लागलेलं पातेलं हलवायचं नसतं, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचं असतं. काल आलेली पोरगीही हे सांगेल. काकूंनी चाखून बघितलं. किंचित कडसर लागलं. तमालपत्र जास्त झालं असेल म्हणून त्यांनी मूठभर साखर घातली. आणि पंखा इतका चोख होता, की वाफेबरोबर वासही ओढून बाहेर टाकत होता. चार पावलांवर पाव कापायला गेलेल्या चाकूताईलासुद्धा काही कळलं नाही.

साडेबाराला सगळ्यात जुना फिटर नेहमीसारखा पहिला आला. घास घेतला. चावणं थांबलं. त्यानं काकूंकडे बघितलं, मग ताटाकडे. काही न बोलता त्यानं पास्ता कडेला सारला आणि पावाला लोणी लावलं. ते न बोलणं काकूंना फार लागलं. मागून एकेक ताट तसंच परत यायला लागलं. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

साहेब आत आले तेव्हा कचऱ्याचा डबा काठोकाठ भरला होता. "चौदा किलो मांस. पातेल्याशी कोण होतं?"

"मी होते," चाकूताई म्हणाली. "काकू स्टोअरला गेल्या होत्या. माझं लक्ष नव्हतं."

"ट्रे पण तूच पाडला होतास ना गेल्या महिन्यात? आता लेखी मेमो घे. तिसऱ्यांदा झालं तर घरी." ते आपल्या काचेच्या केबिनमध्ये गेले.

काकूंनी तिचा दंड धरला. "अगं, तू ढवळत होतीस. खरवडलं मी."

"गप्प बसा. मला एक मेमोच मिळेल. तुमची शेगडी जाईल."

काकूंनी दंड सोडला. "तुला कसं कळलं?"

"तो ट्रे काय आपोआप पडला होता?" चाकूताई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "उतरला होता खिमा. वास मारत होता. आणि तुम्ही ट्रे उचलून पातेल्यात ओतायला निघाला होता. सगळ्यांसमोर सांगू कसं? मग लावला धक्का."

काकू स्टुलावर बसल्या. त्या दिवशी त्यांनी चाकूताईला धांदरट म्हटलं होतं, आंधळी म्हटलं होतं, आज सकाळी पुन्हा ऐकवलं होतं. सव्वाशे माणसं. जुना फिटर, हृदयाचं ऑपरेशन झालेला. गेटवरची पोटुशी मुलगी. पातेल्याखाली कुणी येत नाही, असं त्या नवऱ्याला सांगत होत्या. त्यांना स्वतःचा इतका राग आला, की रडूही येईना.

त्या उठल्या, ॲप्रनला हात पुसले आणि केबिनचं दार न ठोठावता आत गेल्या.

"साहेब, सकाळी कारण विचारत होता ना? मला वास येत नाही. सात महिने झाले. पंखा लागला की पातेलं ऐकू येत नाही. मेमो माझ्या नावानं लिहा. ट्रेचा ठपकाही तिच्या नावावरून काढा. त्या दिवशी खिमा उतरला होता, तो पाडून तिनं तुमची अब्रू वाचवली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आधी सांगायचं ना, काकू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच काकूंना सहन झालं नाही.

पुढच्या गुरुवारी शेगडीशी चाकूताई होती. लांब टेबलावर, भिंतीकडे तोंड करून, काकू गाजरं चिरत होत्या. बारीक तुकडे त्यांना जमत नव्हते, एक इकडं एक तिकडं होत होता. कुणीतरी दारातून डोकावून "अरे, काकू-चाकूची अदलाबदल झाली वाटतं," म्हणालं. कुणी हसलं नाही, तसा तो निघून गेला. काकू सकाळपासून चकार शब्द बोलल्या नव्हत्या. नवऱ्यानं सकाळी डबा भरून दिला होता, त्याच्याशीही नाही.

वर पंखा घरघरत होता. बटणावर पट्टी तशीच होती.

सव्वाअकराच्या सुमाराला चाकूताई डाव ठेवून भिंतीशी गेली. तिनं नखानं पट्टीचं एक टोक सोडवलं, मग सगळी ओढून काढली आणि बटण दाबलं. काचेच्या केबिनमधून साहेबांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा कागदात घातली.

घरघर मंदावत गेली आणि थांबली. चाकूताई शेगडीशी येऊन नुसती उभी राहिली. डाव तिनं उचलला नाही.

काकूंनी सुरी हवेतच थांबवली. पाठीमागे एक बुडबुडा फुटला. मग नुसतं खालून टिक, टिक. मग दुसरा.

"आच उतरव," त्या मागे न वळता म्हणाल्या. "आता तळापासून ढवळ. हळू."

लाकडी डाव पातेल्याच्या तळावरून फिरला.

"आता?" चाकूताईनं विचारलं.

काकूंनी आणखी थोडा वेळ ऐकलं. "आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं गाजर घेतलं.