अन्नपूर्णेच्या उशाचं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं, विजेवर चालणारं गजराचं घड्याळ आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या मनात एका माणसाबद्दल शेहेचाळीस वर्षं राग होता, आणि तो मी नीट जपून ठेवला होता.

माझा जन्म १९७५ सालच्या उन्हाळ्यात आमगावला झाला. कारखान्यात नाही, एका कौलारू घराच्या पडवीत. मला घडवणाऱ्याचं नाव भोजराज. तो गावातल्या राइस मिलमध्ये विजेचं काम बघायचा. त्याची बायको अन्नपूर्णा. लहानपणी मोठा ताप आला, तेव्हापासून तिला ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर वर्षभरातच तिला गोंदियाला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. त्यासाठी पहाटेची गाडी धरावी लागे. भोजराजची रात्रपाळी असायची, आणि तिला उठवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. बाजारातलं चावीचं घड्याळ कितीही खणखणलं तरी तिच्या उपयोगाचं नव्हतं.

म्हणून भोजराजनं मला बनवलं. मिलच्या भंगारात एका मोडक्या यंत्राची बारकी मोटर पडलेली होती. मालकाला विचारून त्यानं ती घरी आणली आणि सहा महिने तिच्यामागे लागला.

मला चावी नाही आणि लंबकही नाही. भिंतीतल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होतो. तो माझ्या तारेच्या वेटोळ्यात आला की आतलं दातेरी चाक त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून फिरतं. पण हे चाक आपणहून सुरू होत नाही. वीज आली तरी नुसतं गुणगुणत बसतं. पाठीमागच्या बटणाला बोटांनी गिरकी द्यावी लागते, मग ते पाऊल धरतं. मिलमधल्या एका सोबत्यानं ही खोट आहे असं म्हटलं. भोजराजला तसं वाटत नव्हतं. लाईट जाऊन परत आली आणि घड्याळ आपोआप चालू लागलं, तर ते दिवसभर चुकीची वेळ दाखवेल आणि माणूस त्यावर विश्वास ठेवेल. त्यापेक्षा ते बंद पडलेलं दिसलेलं बरं, असं त्याचं म्हणणं होतं. एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी होती. गिरकी ज्या बाजूला द्याल त्याच बाजूला ते चाक फिरतं. चुकीच्या बाजूला दिली तर काटे उलटे धावतात. म्हणून त्यानं माझ्या पाठीच्या पत्र्यावर बटणाखाली एक बाण कोरला, आणि बाणाखाली आपलं नाव.

गजराचं काम सगळ्यात अवघड होतं. ठरवलेली वेळ झाली की एका चाकाचा खिळा दुसऱ्या चाकाच्या खाचेत पडायचा, चाक जरासं पुढे सरकायचं आणि एक पातळ लोखंडी पट्टी मोकळी व्हायची. वेटोळ्यातलं चुंबकत्व तिला सेकंदाला शंभर वेळा ओढायचं आणि सोडायचं. कोणीही तिच्यासमोर घंटा ठेवली असती. भोजराजनं ती पट्टी माझ्या सागवानी तळाला टेकवली आणि मला अन्नपूर्णेच्या खाटेच्या उशाकडच्या फळीला घट्ट बांधलं. पहिल्या पहाटे मी थरथरलो, माझ्याबरोबर फळी थरथरली, आणि ती उठून बसली. तिनं माझ्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

ती तीन वर्षं माझी. रोज पहाटे मी तिला उठवायचो, ती गाडी धरायची. वादळवाऱ्याच्या दिवसांत लाईटचा भरवसा नसे, तेव्हा ती जागीच राहायची, पण त्याचा दोष तिनं मला कधी दिला नाही. दर रविवारी ती माझी धूळ पुसायची. वसतिगृहात तिला लवकरच कायम करणार होते.

मग इंद्रकुमार आला. तो भोजराजचा शाळेतला सोबती. शिकून तो गोंदियातल्या एका तांत्रिक शाळेत शिक्षक झाला होता. १९७८ च्या दिवाळीनंतर तो घरी आला, मला सगळीकडून निरखून पाहिलं, आत काय काय आहे ते भोजराजकडून समजून घेतलं, आणि आपल्या विद्यार्थ्यांना दाखवायला दोन दिवसांसाठी मागितलं. भोजराज म्हणाला की हे तिच्या रोजच्या कामाचं आहे, सोमवारी आणून दे. इंद्रकुमारनं मान हलवली आणि मला टॉवेलात गुंडाळून नेलं.

विद्यार्थ्यांना त्यानं मला दाखवलंच नाही. दुसऱ्याच दिवशी घासकागद घेऊन त्यानं माझ्या पाठीवरचं भोजराजचं नाव घासून काढलं. नावाबरोबर तो बाणही गेला. बाण कशासाठी होता हे त्याला समजलं नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही. मग माझ्या तोंडावर त्यानं एक पितळी पट्टी ठोकली आणि तिच्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. नागपूरच्या एका प्रदर्शनात त्यानं मला न चालवताच माझी पेटी उघडून आतली रचना दाखवली, शेजारी आकृत्या टांगल्या, आणि पहिलं बक्षीस घेऊन आला. त्या बक्षिसामुळे त्याला बढती मिळाली.

भोजराज मला न्यायला तीनदा आला. पहिल्यांदा त्याला सांगितलं की घड्याळ मोठ्या साहेबांकडे आहे. दुसऱ्यांदा सांगितलं की नागपूरहून अजून आलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं इंद्रकुमारच्या घरी, काचेच्या कपाटात मला बघितलं. तो घामानं भिजला होता. स्टेशनपासून चालत आला होता.

"अन्नपूर्णेची नोकरी गेली," तो म्हणाला. "महिनाभर बसून रात काढली तिनं. मंग डोया लागला, तीन खेप गाडी चुकली. तिले काढून टाकलं. माह्यं घड्याळ दे, इंद्रकुमार."

इंद्रकुमार खुर्चीतून उठला नाही.

"भोजराज, तुझ्याजवळ काही लिखापढी आहे काय?" त्यानं विचारलं.

भोजराजजवळ काय असणार? त्यानं कपाटाच्या काचेवर बोटं टेकवली, मला एकदा पाहिलं आणि गेला. मित्रांनो, त्या दिवसापासून मी सूडाची वाट बघत बसलो.

कपाटात माझी धूळ पुसली जायची, कौतुकही व्हायचं. पाहुणे आले की इंद्रकुमार माझ्यासाठी आपण सहा महिने कसे खपलो ते सांगायचा. भोजराजचे सहा महिने तो स्वतःच्या नावावर सांगायचा आणि मी काचेमागे ऐकत राहायचो. त्यानं मला कधी चालवलं नाही. एकदा वीज लावून, काटे हातानं फिरवून गजर तेवढा तपासला. घंटा वाजली नाही, नुसती घरघर झाली. त्यानंतर कोणी विचारलं की तो सांगायचा, गजर बिघडला आहे.

तो माझ्याजवळ आला की त्याला शॉक द्यावा असं मला वाटायचं. पण भोजराजनं वायरिंग इतकं चोख केलं होतं की तेही जमेना. तो आजारी पडला तेव्हा मला बरं वाटलं. तो बरा झाला तेव्हा वाईट वाटलं. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

गेल्या वर्षी इंद्रकुमारचा पंचाहत्तरीचा सत्कार ठरला. गोंदियात मोठं सभागृह घेतलं होतं, त्याचे जुने विद्यार्थी दुरून आले होते. सूत्रसंचालन हर्षा नावाच्या त्याच्या एका विद्यार्थिनीकडे होतं. आता ती स्वतः कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मंचाच्या मधोमध लाकडी टेबलावर मला ठेवलं. हर्षानं मनापासून सुचवलं की सरांनी आपलं घड्याळ सगळ्यांसमोर सुरू करून दाखवावं. इंद्रकुमारला नाही म्हणता येईना.

त्यानं प्लग लावला. मी गुणगुणलो. काटे हलेनात. त्यानं मला थोपटलं, हलवलं. मग पाठीमागचं बटण त्याच्या हाताला लागलं आणि त्यानं ते फिरवलं. चुकीच्या बाजूला.

मित्रांनो, मी धावलो. जीव तोडून उलटा धावलो. माझा तांबडा सेकंद-काटा बारावरून अकराकडे, अकरावरून दहाकडे निघाला, आणि कॅमेऱ्यानं ते मागच्या मोठ्या पडद्यावर दाखवलं. आधी पुढच्या रांगेत कुजबुज झाली, मग मागे कोणीतरी हसलं. इंद्रकुमारही हसला, जुनं यंत्र आहे असं काहीतरी बोलला, मला थांबवून पुन्हा गिरकी दिली. पुन्हा त्याच बाजूला. मी पुन्हा तितक्याच आनंदानं उलटा धावलो.

हर्षानं त्याला सावरून घ्यायला म्हटलं, "सर, निदान गजर तरी ऐकवा."

"गजर केव्हाचा बिघडला आहे," तो म्हणाला. मागच्या पडद्यावर आता त्याचा चेहरा मोठा दिसत होता.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक म्हातारी उठून मंचाकडे येऊ लागली. तिच्यामागे धावत आली ती साक्षी. स्वागतगीत म्हणायला आलेल्या मुलींपैकी ती एक. म्हातारी तिची आजी होती आणि नातीचं गाणं बघायला गोंदियाजवळच्या फुलचूरहून आली होती. सत्कार कोणाचा आहे हे आजीला ठाऊक नव्हतं. पंचाहत्तरीच्या इंद्रकुमारला तिनं ओळखलं नव्हतं. मला ओळखलं.

अन्नपूर्णेचे केस पांढरे झाले होते. तीस वर्षं विड्या वळून बोटं वाकडी झाली होती. त्या बोटांनी तिनं मला थांबवलं आणि बटणाला दुसऱ्या बाजूनं गिरकी दिली. माझे काटे सुलटे धावू लागले. मग तिनं गजराचा काटा जुळवला. आतली पट्टी मोकळी झाली आणि मी थरथरलो. आवाज फारसा झालाच नाही. पण टेबल थरथरलं, पाण्याचे पेले थरथरले, पाहुण्यांसाठी आणलेल्या गुच्छांची पानं थरथरली. अन्नपूर्णेनं हर्षाचा हात धरला आणि माझ्यावर ठेवला.

"बिघडला नाई तो," ती म्हणाली. "मले ऐकू येत नाई. माह्या मालकानं माह्यासाठी बनवला होता."

हर्षानं हात तसाच ठेवला. ती यंत्र जाणणारी बाई होती. घंटा का नाही हे तिला त्या क्षणी समजलं. तिनं वळून शांतपणे विचारलं, "सर, हे घड्याळ तुम्ही कोणासाठी बनवलं होतं?"

एवढाच प्रश्न. शेहेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, आणि त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता. माईक त्याच्या तोंडासमोर होता. त्यानं तो हातानं बाजूला सारला. त्याच्या खांद्यावरची शाल घसरली, ती उचलायलाही कोणी पुढे झालं नाही. मी त्याचा चेहरा पोटभर पाहून घेतला.

शेवटी तो हळूच म्हणाला, "घेऊन जा."

साक्षीनं मला ओढणीत गुंडाळलं. फुलचूरला ऑटोत जाताना तिच्या बोलण्यातून मला समजलं की भोजराज नऊ वर्षांपूर्वी गेला आणि तेव्हापासून अन्नपूर्णा आमगाव सोडून नातीच्या घरी राहते. त्यानं दुसरं घड्याळ बनवायचा खूप प्रयत्न केला होता, पण तशी मोटर पुन्हा मिळाली नाही. हे ऐकल्यावर माझा आनंद निम्मा झाला. उरलेला निम्मा रागात मिसळला. सूड मिळाला होता, पण तो बघायला ज्याचा हक्क होता तो माणूस नव्हता.

घरी साक्षीनं ती पितळी पट्टी उचकटून काढली.

महिनाभरानं एका संध्याकाळी इंद्रकुमार एकटाच ऑटोतून फुलचूरला आला. अंगणात जमिनीवर बसून अन्नपूर्णा तांदूळ निवडत होती. साक्षीनं त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. खाली मान घालून, पुटपुटल्यासारखा म्हणाला, "वहिनी, माझ्याकडून चूक झाली."

अन्नपूर्णेनं कानामागे हात धरला.

त्यानं मान वर केली आणि जरा मोठ्यानं तेच पुन्हा म्हटलं. तिनं मान हलवली.

"जोरात बोला. मले ऐकू येत नाई."

समोरच्या किराणा दुकानातून दुकानदार उदाराम बाहेर आला. नळावरच्या बायका बादल्या ठेवून बघू लागल्या. इंद्रकुमारनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा ऑटोकडे. मग त्यानं डोळे मिटले आणि ओरडून सांगितलं, "भोजराजचं घड्याळ मी चोरलं होतं. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

साऱ्या गल्लीनं ऐकलं. अन्नपूर्णेनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन पाण्याचा गडवा आणला आणि त्याला दिला. तो उभ्या उभ्या पाणी प्यायला आणि गेला. तिनं त्याला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी केलं नाही.

तो गेल्यावर साक्षी आजीसमोर बसली. आजी ओठांवरून बोलणं ओळखते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. साक्षीनं तिला विचारलं, तुला पहिल्यांदाच समजलं होतं ना?

"पयल्याच खेपेले समजलं," अन्नपूर्णा तांदळातला खडा वेचत म्हणाली. "पन गल्लीले समजाले पायजे होतं ना."

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणाची मागून आणलेली वस्तू पडली असेल. ती कोणाच्या कामाची होती, तिच्यावाचून त्या घरी काय अडलं असेल, याचा जरा विचार करा. आणि परत करायला जायचं असेल तर आजच जा. आज गेलात तर हळू आवाजात बोललेलंही चालेल.