गुणसूत्राचा दोरा

या, असे जवळ सरका. टाळ लागायला अवकाश आहे, तोवर एक गंमत ऐका.

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर दोराबाबा. "सूत्र म्हणजे दोरा! तुमच्या गुणसूत्राला गाठ बसलीय, म्हणून दूध बाधतं. मी दोरा बांधतो, गाठ सुटते!" मी मान डोलावली. गोड गळ्यापुढे माझी मान माझं ऐकत नाही.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी सात वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या होत्या. दूध प्यायलं की पोरीचं पोट फुगायचं, जुलाब व्हायचे. सासूबाईंचं एकच टुमणं, "आईचंच रक्त वाईट!" बाबांनी दोरा बांधला, कोमट दुधात तीर्थाचे थेंब टाकले, तासभर मंत्र आळवला आणि पेला दिला. पोरीला काही म्हणजे काही झालं नाही. केवढा जयजयकार!

घरचं दूध मात्र बाधतच राहिलं. "श्रद्धा कमी पडतेय, दोन पेले पाजा," बाबांचा निरोप आला. पोर वाळत चालली, तेव्हा वहिनींनी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि पुढच्या सभेत वहिनींना नि सासूबाईंना घेऊन त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

मंत्र संपला. बाईंनी दूध चाखलं. "साखर घातलीत?"

"छे! निव्वळ दूध!"

"मग इतकं गोड?" बाईंनी पर्समधून ग्लुकोज तपासायच्या पट्ट्या काढल्या. सोबत आणलेल्या डेअरीच्या साध्या दुधात पट्टी जशीच्या तशी. बाबांच्या दुधात रंग पालटला. "तीर्थ कसलं, पाचक थेंब आहेत हे. औषधाच्या दुकानात मिळतात. दुधातली न पचणारी साखर ते आधीच फोडतात, त्यातून ग्लुकोज सुटतं. त्याला तासभर लागतो, म्हणून मंत्र लांबलचक."

वहिनींनी हळूच विचारलं, "म्हणजे दोष माझ्या रक्ताचा नाही?"

"दोष कसला? तान्हेपण सरलं की दूध न पचणं ही माणसाची मूळचीच रीत. गुरं पाळणाऱ्या काही पूर्वजांच्या गुणसूत्रात एका अक्षराचा बदल झाला, त्यांना दूध पचू लागलं, बदल पसरला. तो आई किंवा बाप, एकाकडून आला तरी भागतं. हिला बापाकडूनही आलेला नाही!"

सासूबाईंना एकदम खोकला आला.

वहिनींनी दोरा दातांनी तोडला, निरखला. "अगं बाई! हा तर माझ्याच रिळाचा! याच दोऱ्यानं बाबांचा झब्बा शिवला मी, उरलेलं रीळ त्यांनीच मागून नेलं!"

पोरगी आता दुधाऐवजी दही खाते, ते तिला पचतं, गल्लीभर हुंदडते. मंडळी, देवाचं नाव मीही गातो, गातच राहणार. पण पोट दुखलं तर दोरा शोधू नका. डॉक्टर गाठा, चार प्रश्न विचारा. आणि घरात कुणाला दूध बाधलं, की न केलेल्या दोषाचा बोल सोसलेल्या आमच्या वहिनींची तेवढी आठवण ठेवा.