सोन्यासारखे भाऊ

सांगवीत कुणाची सोयरीक जमवायची असली, की लोक आबाजींना पुढे घालत. मुलगी काळी असली तर ते तिला सावळी म्हणत, मुलगा ऐतखाऊ असला तर शांत म्हणत, आणि इंदापूरकडची माणसंसुद्धा माना डोलवत सुपारी फोडून जात. आपण खोटं बोलतो असं त्यांना कधी वाटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच ते जाणत. गावानं या गोड जिभेचं कौतुक करून करून म्हाताऱ्याला पार बिघडवून ठेवलं होतं.

सन चौतीसमध्ये त्याच जिभेवर फुलाबाईचं अख्खं आयुष्य येऊन टेकलं. तिचा नवरा रामहरी वारला. मूलबाळ नव्हतं. दीर सोपान म्हणू लागला, जमीन सगळी माझी. वास्तविक दोघा भावांनी कालव्याखालचं रान आधीच निम्मं निम्मं वाटून घेतलं होतं, पण वाटणी तोंडी, गावच्या पंचांसमोर. पंचांतले बाकीचे वारले होते. उरले एकटे आबाजी.

फुलाबाईनं बारामतीच्या कोर्टात दावा लावला. तिचे वकील आप्पासाहेब यांनी आबाजींना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून विचारलं, "रामहरी आणि सोपान हे भाऊ एकत्र होते की विभक्त?"

आबाजींनी समोर पाहिलं. अर्धी सांगवी येऊन बसली होती. गेलेला माणूस भावापासून तुटला होता, असं चारचौघांत कसं बोलायचं? गावात शत्रूसुद्धा असं बोलत नाही.

"एकत्रच की, साहेब," ते म्हणाले.

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. "नीट आठवा. रानाची वाटणी झाली होती ना? तुम्हीच पंच होतात."

हा शहरी माणूस एका घराची लक्तरं आपल्या हातून वेशीवर टांगायला बघतोय, असं आबाजींना वाटलं. त्यांचा आवाज चढला. "वाटनी कशाची? सोन्यासारखं भाऊ! मरंस्तवर एका जिवानं राह्यलं. गावात कुनालाबी इचारा."

सोपानच्या वकिलानं एकही प्रश्न विचारला नाही.

बाहेर आल्यावर सोपाननं त्यांचे पाय धरले. "आबा, घराची अब्रू राखलीसा." आबाजी खूश झाले. फुलाबाई पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली होती. तिला भरून आलं असेल, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात आप्पासाहेब आले. ते संतापले होते. "अहो, कायद्यात विभक्त ही शिवी नाही! भाऊ विभक्त असतील तर नवऱ्याचा हिस्सा या बाईकडे येतो. एकत्र असतील तर सगळं दिराचं, हिला नुसतं अन्नवस्त्र. हिचं रान तुम्ही तोंडानं देऊन टाकलंत."

आबाजींच्या तोंडचं पाणी पळालं. "मला परत उभं करा," ते काकुळतीला आले. "खरं काय ते सांगतो."

आप्पासाहेबांनी कोर्टाकडे परवानगी मागितली, ती मिळाली. आबाजींनी वाटणी झाल्याचं सांगितलं. आता मात्र सोपानचा वकील उठला.

"मघाशी खोटं बोललात की आता?"

"मघाशी."

"शपथ घेऊन?"

"व्हय."

"कशासाठी?"

आबाजी चाचरले. "चांगलं दिसावं म्हनून."

कोर्ट हसलं. सांगवीची माणसंही हसली. ज्यांच्यापुढं शोभून दिसावं म्हणून हे सगळं केलं, तेच खो खो हसताना पाहून धरणीनं पोटात घ्यावं असं आबाजींना झालं.

ज्याची जीभ एकाच दिवसात फिरली, त्याची साक्ष कोण धरणार? दावा गेला.

पुढल्या हिवाळ्यात आबाजी मनाचा हिय्या करून त्या रानात गेले. फुलाबाई दिराच्या कांद्यात खुरपत होती.

"पोरी, माझ्यामुळं झालं समदं," ते म्हणाले. "मला चार शिव्या घाल. मोकळी हो."

फुलाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "असं काय म्हनता, आबा? तुमचं कुठं काय चुकलं? तुमी चांगलंच बोलला की." आणि ती पुन्हा खाली बसून खुरपू लागली.

आबाजी उभेच राहिले. असल्या बोलण्यात खरं किती असतं, हे त्यांच्याइतकं सांगवीत दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?